मेंदूचा मुका मार

अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत इस्पितळाच्या आपत्कालीन विभागाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांचे कान एकाच वाक्याकडे लागलेले असतात. ‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे,’ असे डॉक्टरांनी सांगितले की सारे सुटकेचा निःश्वास टाकतात, घरी फोन जातात, देवाला बोललेल्या नारळाची आठवण निघते आणि प्रकरण मिटले असे गृहीत धरले जाते. आठवडाभराने तोच तरुण कामावर रुजू होतो. संगणकासमोर तासभर बसल्यावर त्याचे डोके ठणकू लागते, साध्या हिशेबात चुका होतात, बाजारातला गोंगाट असह्य वाटतो, रात्री झोप लागत नाही. घरच्यांना तो चिडचिडा वाटू लागतो, वरिष्ठांना कामचुकार. ‘स्कॅनमध्ये तर काहीच नव्हते ना?’ हा प्रश्न आधी त्याला इतर विचारतात आणि काही दिवसांनी तो स्वतःलाच विचारू लागतो.

स्कॅनही खोटा नसतो आणि तरुणही खोटा नसतो. सीटी स्कॅनचे काम ठरलेले आहे. कवटीला तडा गेला आहे काय, आत कोठे रक्त साचले आहे काय, मेंदूला सूज येऊन तो एका बाजूला सरकला आहे काय, एवढे तो उत्तम सांगतो. म्हणजे तातडीने शस्त्रक्रिया करावी लागेल काय, या प्रश्नाचे उत्तर तो देतो. मेंदूचे काम बिघडले आहे काय, हे मात्र तो सांगू शकत नाही. वैद्यकशास्त्र ज्याला ‘माइल्ड ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी’ आणि क्रीडाक्षेत्र ज्याला ‘कन्कशन’ म्हणते, त्या दुखापतीत बहुतेक वेळा रचना शाबूत असते आणि कामकाज विस्कटलेले असते. मराठीत अशा दुखापतीला पूर्वीपासून एक नेमका शब्द आहे, ‘मुका मार’. खोक नाही, रक्त नाही, हाड मोडलेले नाही. तरी आत मार बसलेला आहे. पाठीला किंवा मांडीला मुका मार बसला तर घरातील कोणीही ते मान्य करते. मेंदूलाही तो बसू शकतो, हे मात्र सहजी पटत नाही.

आत नेमके काय होते

साधारण १.४ किलो वजनाचा हा मऊ अवयव कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके एकाएकी थांबते किंवा गर्रकन वळते, तेव्हा कवटी थांबते पण मेंदू क्षणभर पुढे जात राहतो, पिळवटतो. त्यासाठी डोके कशावर तरी आदळलेच पाहिजे, असेही नाही. मागून धडक बसल्यावर मानेला जो हिसका बसतो, त्यातही हे घडू शकते. या पिळवटण्यात चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि ही विस्कटलेली घडी पूर्ववत करण्यासाठी पेशींना एकदम पुष्कळ ऊर्जा लागते. नेमक्या त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मंदावलेला असू शकतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा आटलेला, अशी ही तंगी काही दिवस टिकते. डोकेदुखी, थकवा, विचारांचा संथपणा आणि प्रकाश सहन न होणे या तक्रारींमागे हीच ओढाताण असल्याचे मानले जाते. पेशी सहसा मरत नाहीत. म्हणूनच बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात आणि म्हणूनच सीटी स्कॅनवर काही उमटत नाही.

येथे हेल्मेटविषयी एक गोष्ट नोंदवायला हवी. दर्जेदार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. म्हापसा असो वा मडगाव, दुचाकीवाचून ज्यांचे पान हलत नाही त्या गोमंतकीयांनी हे आकडे पाठ करून ठेवावेत. मात्र हेल्मेट कवटीला जितके राखते, तितके मेंदूच्या पिळवटण्याला रोखत नाही. ‘हेल्मेट होते, म्हणजे डोक्याला काही झालेले नसणार’ हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो.

निदान यंत्राने नव्हे, हकिकतीने

ग्लासगो येथील ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोन शल्यविशारदांनी १९७४ मध्ये शुद्धीचे मोजमाप करणारी एक साधी गुणपद्धती मांडली. डोळे उघडण्याला चार, बोलण्याला पाच आणि हातापायांच्या हालचालीला सहा, असे एकूण १५ गुण. सर्वांत कमी तीन. आज जगभरातील आपत्कालीन विभागांत हीच ‘ग्लासगो कोमा स्केल’ वापरली जाते. १३ ते १५ गुण असलेली दुखापत ‘सौम्य’ गणली जाते. त्याचबरोबर शुद्ध हरपली असल्यास ती ३० मिनिटांहून अधिक काळ नसावी आणि अपघाताभोवतीची स्मृती पुसली गेली असल्यास ती २४ तासांच्या आत परत यावी, असे निकष अमेरिकेतील पुनर्वसन वैद्यकाच्या संस्थेने १९९३ मध्ये घालून दिले. २०२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली.

या निकषांतली वरची मर्यादा लक्षात राहते आणि खालची निसटते. शुद्ध हरपलीच पाहिजे, अशी अट नाही. बहुसंख्य कन्कशनमध्ये माणूस बेशुद्ध होतच नाही. तो उठून उभा राहतो, कपडे झटकतो, गाडी सरळ करतो, समोरच्याशी भांडतोसुद्धा. फक्त नंतर विचारल्यावर यांतले काही त्याला आठवत नाही.

फुटबॉलवेड्या गोव्यात एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. १३ जुलै २०१४ रोजी रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाचा अंतिम सामना रंगला होता. जर्मनीचा क्रिस्तोफ क्रामर पूर्वार्धातच अर्जेंटिनाच्या एझेकिएल गाराय याच्यावर आदळून कोसळला. उपचार घेऊन तो पुन्हा मैदानात आला आणि सुमारे १४ मिनिटे खेळला. धावत होता, चेंडू मारत होता. मग त्याने पंच निकोला रिझोली यांच्यापाशी येऊन विचारले, की हा अंतिम सामनाच आहे ना? पंचांना प्रथम ती थट्टा वाटली. तो गंभीर आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी जर्मन संघाला कळवले आणि क्रामरला बाहेर काढण्यात आले. त्या पूर्वार्धातले फारसे काही आपल्याला आठवत नाही, असे त्याने नंतर सांगितले. कोट्यवधी प्रेक्षकांच्या आणि डझनभर कॅमेऱ्यांच्या देखत मेंदूची दुखापत झालेला खेळाडू पाव तास खेळत राहिला आणि ती ओळखली गेली ती एका प्रश्नामुळे.

असे प्रश्न आता ठरलेले आहेत. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅडॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की ‘आज तारीख कोणती, तुझे नाव काय’ यापेक्षा ताज्या घडामोडींचे प्रश्न अधिक कामाचे ठरतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत? पूर्वार्ध चालू आहे की उत्तरार्ध? शेवटचा गोल कोणी केला? गेला सामना कोणाशी होता? तो आपण जिंकलो का? स्वतःचे नाव मेंदू सहसा विसरत नाही. दहा मिनिटांपूर्वीचे मात्र विसरतो. कापणी झालेल्या शेतातल्या वाड्यावाड्यांच्या सामन्यात डॉक्टर नसतो, पण हे पाच प्रश्न विचारायला डॉक्टर लागत नाही. एकाही उत्तरात गडबड झाली तर खेळाडूने त्या दिवशी मैदानात परतू नये. सारी उत्तरे बरोबर आली तरी दुखापत झालीच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. डोकेदुखी, भोवळ, तोल जाणे, डोळ्यांपुढे अंधारी, नुसते ‘बरे वाटत नाही’ असे सांगणे, यांपैकी काहीही पुरेसे आहे.

इस्पितळात डॉक्टर काही शब्द सांगून ते लक्षात राहतात काय हे पाहतात, वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणायला लावतात, एका रेषेत टाच आणि चवडा जोडून उभे करतात, बोटाचा माग डोळ्यांनी घ्यायला सांगतात, मान तपासतात. पण या सगळ्याहून मोलाची असते ती प्रत्यक्षदर्शीची हकिकत. जखमी माणूस स्वतःच्या विस्मरणाचा साक्षीदार होऊ शकत नाही. तो किती वेळ निपचित होता, उठल्यावर काय बडबडला, तोच प्रश्न किती वेळा विचारला, उलटी झाली काय, हे बघणाऱ्यालाच ठाऊक असते. १०८ रुग्णवाहिकेतून त्याला एकट्याला धाडून देण्यापेक्षा पाहणाऱ्यांपैकी एकाने सोबत जाणे, निदान आपला दूरध्वनी क्रमांक देणे, निदानाच्या दृष्टीने फार उपयोगी ठरते. रस्त्यावर मात्र त्याला घाईघाईने उठवून बसवू नये, कारण डोक्याला मार लागलेल्याची मानही दुखावलेली असू शकते. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतण्याची सवय तर सोडलीच पाहिजे. ते पाणी श्वासनलिकेत जाते.

स्कॅन केव्हा हवा

स्कॅनने कन्कशन दिसत नाही, म्हणून स्कॅन नकोच असा अर्थ कोणी काढू नये. सौम्य गणलेल्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांच्या स्कॅनवर काही ना काही इजा दिसते आणि एखाद्याला शस्त्रक्रिया लागते. तो एखादा हुडकण्यासाठी शंभरही जणांना यंत्रात घालावे काय, हा खरा पेच आहे. २००१ मध्ये कॅनडातील इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी एक नियम तयार केला आणि तो आज अनेक देशांत वापरला जातो. शुद्ध हरपली, स्मृती गेली किंवा भ्रम झाला असा प्रौढ रुग्ण समोर असताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात. दोन तासांनंतरही गुण १५ वर आलेले नाहीत. दोन किंवा अधिक उलट्या झाल्या. वय ६५ किंवा त्यापुढे आहे. कवटी खचल्याचा वा तिच्या तळाला तडा गेल्याचा संशय आहे, म्हणजे डोळ्यांभोवती काळेनिळे वलय, कानामागे निळसरपणा, नाका-कानातून रक्त किंवा पाणी. अपघाताआधीचा अर्ध्या तासाचा किंवा त्याहून अधिक काळ पुसला गेला आहे. किंवा अपघातच धोक्याचा आहे. पादचाऱ्याला वाहनाची धडक, वाहनातून बाहेर फेकले जाणे, तीन फुटांहून किंवा पाच पायऱ्यांहून अधिक उंचीवरून पडणे हे सारे धोक्याच्या अपघातात मोडते. यांतले एक जरी असले तरी स्कॅनचा विचार होतो. तीन फूट म्हणजे फार नव्हे. चतुर्थीत माटोळी बांधायला ज्या स्टुलावर चढतात, त्यावर उभ्या माणसाचे डोके जमिनीपासून किती उंच असते याचा अंदाज घ्यावा.

हा नियम सोळा वर्षांखालील मुलांना आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना लागू नाही. अशा गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत डॉक्टर स्कॅनकडे लवकर वळतात. मुलांच्या बाबतीत उलट, हात आखडता घेतला जातो. मेंदूच्या एका सीटी स्कॅनमधून साधारण दोन मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतो. प्रौढाला तो फार नाही, पण वाढत्या शरीराला अकारण देऊ नये. ४२ हजारांहून अधिक मुलांवर आधारलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील अभ्यासाने कोणत्या मुलांना स्कॅन सुरक्षितपणे टाळता येतो, हे निश्चित केले. दोन वर्षांखालील बाळांसाठीच्या त्याच्या निकषांत कपाळ सोडून डोक्यावर अन्यत्र आलेले टेंगूळ हा एक आहे आणि आई-वडिलांना मूल नेहमीसारखे वाटत नाही, हा दुसरा. आईच्या ‘हा आज वेगळाच वागतोय’ या वाक्याला शास्त्राने निकषाचा दर्जा दिला आहे. आपत्कालीन विभागातील घाईत ते वाक्य संकोचाने गिळून टाकू नये.

रक्ताच्या चाचणीचीही भर पडली आहे. मेंदूच्या पेशींतून रक्तात उतरणाऱ्या दोन प्रथिनांच्या मोजमापावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. स्कॅनवर काही दिसण्याची शक्यता आहे काय, एवढेच ती सांगते. कन्कशन आहे की नाही याचा निवाडा तीही करत नाही.

पहिली रात्र

मार्च २००९ मध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडातील एका बर्फाळ उतारावर स्कीइंगचे प्राथमिक धडे घेताना पडल्या. जखम दिसत नव्हती. त्या हसत-बोलत होत्या आणि आलेली रुग्णवाहिका परत पाठवण्यात आली. काही वेळाने त्यांचे डोके दुखू लागले. दोन दिवसांनी, १८ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्या दरम्यान रक्त साचल्याने हा मृत्यू झाल्याचे वैद्यकीय तपासणीत निष्पन्न झाले. असे विरळाच घडते. पण मार बसल्यानंतरचा काही तासांचा बरेपणा फसवा असू शकतो, हे या एका घटनेने जगाला जितके समजावले तितके एखाद्या ग्रंथाने समजावले नसेल.

म्हणून घरी सोडलेल्या रुग्णाजवळ पहिले २४ तास एक जबाबदार, शुद्धीतला माणूस हवा. ‘शुद्धीतला’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण अपघात अनेकदा मेजवानीहून परतताना होतात. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलट्या, जीभ अडखळणे, एका बाजूच्या हातापायातली शक्ती जाणे, झटका येणे, दोन-दोन दिसणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी होणे, माणसे न ओळखणे किंवा हलवूनही जाग न येणे यांपैकी काहीही आढळले, तर सकाळची वाट पाहू नये. राज्यात मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय बांबोळीच्या गोमेकॉत आहे. काणकोण किंवा सत्तरीतील कुटुंबाने तेथवरच्या अंतराचा हिशेबही याच वेळी मनात ठेवावा.

दारू प्यालेला मनुष्य डोक्यावर पडला, तर या खुणा हमखास झाकल्या जातात. तोंडाला वास येतो, जीभ जड असते, पाय लटपटतात आणि ‘उतरेल सकाळपर्यंत’ म्हणून त्याला पडवीत निजवले जाते. सकाळी तो उठत नाही, अशा हकिकती आपत्कालीन विभागांना नव्या नाहीत. प्यालेल्याची गुंगी हळूहळू कमी होत जायला हवी. ती वाढत असेल, तर ती दारूची नव्हे असेच धरून चालावे.

डोक्याला मार बसलेल्याला झोपू देऊ नये, हा समज मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी सोडलेल्या, नीट बोलणाऱ्या रुग्णाला झोप हवीच असते. रात्रीतून एखाद्या वेळी त्याला उठवून पाहावे काय, हे डॉक्टर सांगतील. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन पहिले दोन दिवस टाळलेले बरे, कारण त्यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. मद्य वर्ज्य. झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. दुचाकी किमान २४ तास नको आणि भोवळ वा संथपणा असेतोवर नकोच.

लक्षणे दुसऱ्या दिवशीही डोके वर काढतात. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. तपासणी झाली, चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोके दुखू लागले, सुस्ती जाणवू लागली. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधील पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. हा नियम लागू होऊन तेव्हा जेमतेम काही दिवस झाले होते.

अंधारी खोली की अंगणातला फेरफटका

उपचाराच्या बाबतीत गेल्या पंधरा वर्षांत वैद्यकशास्त्राने आपलाच जुना सल्ला बराचसा फिरवला आहे. पूर्वी रुग्णाला अंधाऱ्या खोलीत, पुस्तकाविना, माणसांविना, लक्षणे पूर्ण जाईपर्यंत पडून राहायला सांगत. आपल्या घरांतून आजही प्रेमापोटी हेच केले जाते. २०१५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ११ ते २२ वर्षे वयाच्या रुग्णांचे दोन गट करून एका गटाला एक-दोन दिवस आणि दुसऱ्याला पाच दिवस कडक विश्रांती सांगण्यात आली. पाच दिवसवाले लवकर बरे झाले नाहीत. उलट त्यांच्या तक्रारी अधिक होत्या आणि अधिक रेंगाळल्या. त्यानंतर बफेलो येथील जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन खेळाडूंना पहिल्याच आठवड्यात, लक्षणे फार वाढणार नाहीत इतपत, हलका दमश्वासाचा व्यायाम दिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्यायाम करणारे सरासरी १३ दिवसांत, तर नुसते ताणून हातपाय मोकळे करणारे १७ दिवसांत बरे झाले.

मोबाइलच्या बाबतीत मात्र जुन्या सल्ल्याला थोडा आधार मिळाला. १२ ते २५ वयाच्या रुग्णांत पहिले ४८ तास पडदा पूर्ण टाळणाऱ्यांची लक्षणे साधारण साडेतीन दिवसांत ओसरली, न टाळणाऱ्यांची आठ दिवस टिकली. दोन दिवसांपुरतीच ही बंदी आहे. पुढे महिनाभर मुलाचा मोबाइल काढून घेण्याला हा अभ्यास आधार देत नाही, हे पालकांनी खिन्न मनाने मान्य करावे.

आज सर्वमान्य झालेला सल्ला ऑक्टोबर २०२२ मधील अ‍ॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून आला आणि तो साधा आहे. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली नेहमीची हालचाल चालू ठेवून पडद्याचा वापर आटोक्यात. त्यानंतर चालणे, मग थोडे अधिक वेगाने. लक्षणे किंचित वाढून तासाभरात उतरली तर चालेल. जास्त वाढली, तर त्या दिवशी थांबावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे कमी करावे. शाळा आणि कार्यालय यांनाही हेच माप लागू आहे. पूर्ण महिन्याच्या रजेपेक्षा आठवडाभर अर्धा दिवस, मधूनमधून विसावा, परीक्षेला थोडा जादा वेळ हे अधिक उपकारक ठरते. कामावर लवकर परतणे हा उपचाराचा भाग आहे, शिक्षा नव्हे, एवढे मालकांनी आणि मुख्याध्यापकांनी समजून घेतले तर अर्धे काम झाले.

खेळात परतण्याच्या सहा पायऱ्या आहेत. दैनंदिन हालचाल, दमश्वासाचा व्यायाम, एकट्याने खेळाचा सराव, धक्काबुक्की नसलेला संघासोबतचा सराव, पूर्ण सराव आणि मग सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. धडक संभवते अशा पायरीआधी लक्षणे पूर्ण गेलेली असावीत आणि डॉक्टरांची संमती असावी. ही सावधगिरी अवाजवी नाही. मेंदू पूर्ववत होण्याआधी दुसरा, अगदी किरकोळ फटका बसला तर क्वचित प्रसंगी झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवतो, याची वर्णने १९८४ पासून वैद्यकीय वाङ्मयात आहेत आणि त्यांतले बहुतेक किशोर वा तरुण आहेत. फुटबॉलच्या नियमपुस्तकात कन्कशनसाठी जादा कायमस्वरूपी बदली खेळाडूची तरतूद २०२४ मध्ये आली. स्पर्धेच्या आयोजकांनी ती स्वीकारावी लागते. गावपातळीवरील स्पर्धांनाही ती फुकटात स्वीकारता येण्यासारखी आहे.

‘सौम्य’ या शब्दाची अडचण

बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांत आणि मुले चार आठवड्यांत बरी होतात. चार आठवड्यांनंतरही तक्रारी टिकल्या तर मात्र ‘वाट पाहा’ एवढ्यावर थांबू नये. तक्रारींचा उगम वेगवेगळा असतो आणि उपचारही वेगळे असतात. कूस बदलताच येणारी गरगर बहुधा आतल्या कानातले सूक्ष्म कण जागचे हलल्याने असते आणि डोके विशिष्ट क्रमाने फिरवण्याच्या एका क्रियेने ती अनेकदा मिनिटांत थांबते. डोकेदुखीचे मूळ मानेत असू शकते, मग फिजिओथेरपी. रोज गोळी घेतल्यानेच टिकून राहणारी डोकेदुखी असते. मग गोळी कमी करणे हाच उपचार. वाचताना अक्षरे फुटत असतील तर डोळ्यांची जोडीने काम करण्याची क्षमता तपासावी लागते. झोपमोड, अपघाताची भीती, उदासपणा ही या दुखापतीची लक्षणेही आहेत आणि ती लांबवणारी कारणेही. मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवले म्हणजे ‘सगळे मनाचे खेळ’ असे ठरवले गेले, असा अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे.

अमेरिकेतील मोठ्या अपघात केंद्रांत दाखल झालेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना वर्षानंतरही दैनंदिन जीवनात काही ना काही अडचण जाणवत होती, असे २०१९ मधील एका पाहणीत दिसले. मोठ्या केंद्रांत पोहोचणारे रुग्ण तुलनेने अधिक मार लागलेले असतात, हे खरे. तरीही ‘सौम्य’ म्हणून घरी पाठवलेल्यांची पुढे कोणी विचारपूस करत नाही, ही तेथील तक्रार येथेही तितकीच लागू पडावी. मे २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने सौम्य, मध्यम, तीव्र ही विभागणीच मोडीत काढून ग्लासगो गुण, रक्तातील खुणा, स्कॅन आणि रुग्णाची पार्श्वभूमी या चारांची एकत्र नोंद करण्याची पद्धत सुचवली आहे. ती रुळायला वेळ लागेल. तोवर सुट्टीच्या कागदावर ‘हेड इंज्युरी, स्कॅन नॉर्मल’ एवढेच न लिहिता पुढची तपासणी कधी, एवढी एक तारीख घातली, तरी पुष्कळ रुग्णांची फरफट वाचेल.

ज्येष्ठांसाठी ही तारीख अधिकच महत्त्वाची आहे. वयोमानाने मेंदू किंचित आकसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात आणि न्हाणीघरात घसरणे किंवा पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणात पडणे एवढ्यानेही एखादी शीर झिरपू लागते. रक्त थेंबाथेंबाने साचते. पहिल्या दिवशीचा स्कॅन निर्दोष असतो. तीन-चार आठवड्यांनी आजोबांची चाल मंदावते, एक पाय ओढला जातो, ते विसरू लागतात, जेवताना घास हातातून निसटतो. ‘वय झाले’ म्हणून घरचे गप्प बसतात आणि मधल्या काळात ते पडले होते, हे तोपर्यंत सगळेच विसरलेले असतात. कवटीला छोटे छिद्र पाडून ते रक्त काढले की अनेकदा काही दिवसांतच आजोबा पूर्वीसारखे चालू-बोलू लागतात. त्यासाठी डॉक्टरांना सांगण्याजोगी एकच गोष्ट लागते, ते कधी पडले होते, आणि ती घरातल्या कॅलेंडरवर त्याच दिवशी लिहून ठेवता येते.